छपराचा पूल, कोरं लाकूड आणि सरकारी नोंदवही

मावशीने पुलाच्या आतल्या फळीवर हात फिरवला आणि वळून म्हणाली, "अगं, हे लाकूड तर कोरं आहे. तू म्हणालीस अठराशे त्र्याऐंशीचा पूल."

"पूल १८८३चाच गं मावशी, पण हा नव्हे."

हे उत्तर देऊन मी फसले, कारण मावशीने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आहे. गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत तिने मला सोडलं नाही. तिला समजावता समजावता माझ्याही डोक्यात हा विषय जरा नीट लागला. तोच इथे मांडते आहे.

आम्ही उभ्या होतो आयोवा राज्यातल्या मॅडिसन काउंटीत. डे मॉइन शहरापासून गाडीने पाऊण तासावर. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा यांच्यामधलं काहीतरी. लोकसंख्या साडेसोळा हजारांच्या आसपास, मुख्य गाव विंटरसेट, आणि बाकी नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. या काउंटीची ओळख म्हणजे लाकडी, लाल रंगाचे, छप्पर असलेले पूल. एकेकाळी असे १९ पूल होते. आज सहा दिसतात, पण खरे जुने पाचच. सहावा म्हणजे आम्ही ज्यात उभ्या होतो तो सीडर पूल.

पुलाला छप्पर कशाला, हा मावशीचा पहिला प्रश्न होता. प्रवाशाला ऊन-पाऊस लागू नये म्हणून नव्हे. पुलाच्या तळाचे जाड वासे महाग असत, बाजूच्या फळ्या आणि छपराचं लाकूड त्यामानाने स्वस्त. महाग लाकूड कुजू नये म्हणून त्यावर स्वस्त लाकडाचं पांघरूण. कोकणात पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीला झापं बांधतात, तोच हिशेब. वरचं गेलं तरी बदलता येतं, आतलं वाचतं.

१८८३चा सीडर पूल २००२च्या सप्टेंबरात कुणीतरी पेटवून दिला. गावाने जुन्या आराखड्यांवरून हुबेहूब तसाच पूल २००४ साली बांधला. २०१७च्या एप्रिलमध्ये तोही पेटवला गेला. या वेळी तीन तरुण पकडले गेले. २०१९ साली तिसरा पूल उभा राहिला. मावशीच्या हाताला लागलेलं लाकूड या तिसऱ्याचं.

पहिला पूल देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत होता. जळाल्यावर त्याचं नाव वगळलं गेलं. आजचा पूल त्याच ओढ्यावर आहे, दिसायला तसाच आहे, पर्यटक त्याचेच फोटो काढतात. तरी तो त्या वहीत नाही. मावशीचं म्हणणं असं, की पूल "संरक्षित" होता तर जळाला कसा, आणि पुन्हा बांधला तर नाव परत का नाही घातलं? सगळा विषय या दोन प्रश्नांत मावतो.

सातबाऱ्यावरचा बोजा नव्हे

आपल्याकडे "संरक्षित स्मारक" म्हटलं की डोळ्यापुढे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी येते. नुकसान केल्यास शिक्षा, दंड वगैरे. आपला १९५८चा कायदा खरंच कडक आहे. स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. हेच चित्र डोक्यात ठेवून अमेरिकेकडे पाहिलं की गोंधळ होतो.

तिथल्या वहीचं नाव नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने ती सुरू झाली. त्याआधीची दहाएक वर्षं वाईट गेली होती. नवे महामार्ग आणि शहरांची पुनर्रचना या नावाखाली जुन्या वस्त्या सपाट होत होत्या. १९६३ साली न्यूयॉर्कचं भव्य पेन्सिल्व्हेनिया स्टेशन पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोक हळहळले, मोर्चे निघाले, पण पाडणाऱ्याला अडवायला कायदाच नव्हता. गंमत म्हणजे पुढे झालेला राष्ट्रीय कायदाही खासगी मालकाला अडवत नाही. तो अडवतो सरकारला.

म्हणजे असं. समजा, मॅडिसन काउंटीत एखाद्या शेतकऱ्याचं १८५६चं दगडी घर आहे आणि ते नोंदवहीत आहे. त्याला उद्या वाटलं की हे पाडून तिथे पत्र्याची शेड टाकावी, तर स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जमिनीवर तो ते करू शकतो. गावाचा किंवा काउंटीचा वेगळा नियम आड येत नसेल तर त्याला वॉशिंग्टनला विचारावं लागत नाही. खिडक्या बदलायच्या, रंग बदलायचा, विकायचं, तर त्यालाही मोकळीक आहे. घर लोकांना दाखवायला उघडं ठेवण्याचीही सक्ती नाही. ही नोंद म्हणजे सातबाऱ्यावर चढलेला बोजा नाही. तालुक्याच्या सभेत घातलेली शाल म्हणा हवं तर. शालीने मान मिळतो, पण पुढे कुणी धक्का दिला तर शाल काही अडवत नाही.

मावशी म्हणाली, "मग कशाला एवढा खटाटोप?"

कारण वॉशिंग्टनचा पैसा किंवा परवाना जिथे लागतो, तिथे ही शाल एकदम जड होते. खेड्यातला पूल हेच याचं चांगलं उदाहरण आहे. शेतातल्या रस्त्यावर शंभर वर्षांचा अरुंद पूल आहे. मका काढायचं अवाढव्य यंत्र त्यावरून जात नाही, रुंदीत बसत नाही आणि वजनही पेलत नाही. काउंटीला तिथे काँक्रीटचा पूल हवा आहे, आणि पैसे केंद्राच्या महामार्ग निधीतून यायचे आहेत. आता १९६६च्या त्या कायद्याचं १०६वं कलम लागू होतं. पैसे देणाऱ्या केंद्रीय खात्याला आधी तपासावं लागतं की इथे ऐतिहासिक काही आहे का, आपल्या कामाने त्याला धक्का बसतो का, आणि बसत असेल तर तो टाळता किंवा कमी करता येईल का. राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी चर्चा करावी लागते, गावकऱ्यांचं आणि स्थानिक मूळनिवासी राष्ट्रांचं म्हणणं ऐकावं लागतं. नवा रस्ता जरा बाजूने नेऊन जुना पूल पायी फिरायला ठेवता येईल का, हे तिथे कुणीतरी विचारतंच. विशेष म्हणजे पूल वहीत नसला, पण वहीत जाण्याच्या लायकीचा असला, तरी हे कलम लागू होतं.

मात्र १०६वं कलम चर्चा करायला लावतं, निकाल देत नाही. सगळी चर्चा होऊन शेवटी "पाडा, पण आधी मोजमापांचे नकाशे काढा, फोटो घ्या, इतिहास लिहून ठेवा" असंही ठरू शकतं, आणि अनेकदा ठरतं. रस्त्यांच्या कामात त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याचं ४-एफ नावाचं कलम याहून खमकं आहे. ते म्हणतं, ऐतिहासिक जागा वापरण्यावाचून दुसरा व्यवहार्य मार्गच नाही हे आधी दाखवून द्या.

काडेपेटी घेऊन रात्री येणाऱ्याला यातलं एकही कलम लागू होत नाही. त्याच्यासाठी जाळपोळीचा साधा फौजदारी कायदा, आणि तोही पूल जळून गेल्यावर.

वहीत नाव कसं चढतं

अर्ज कोणीही करू शकतं. मालकच हवा असं नाही, शेजारी, शिक्षक, स्थानिक इतिहास मंडळ, कुणीही. पण खासगी मालकाने लेखी हरकत घेतली तर नाव चढत नाही. १९८०च्या दुरुस्तीने हा हक्क मिळाला. एखादी पेठ किंवा चौक एकगठ्ठा नोंदवायचा असेल तर मालकांपैकी बहुसंख्यांनी हरकत घ्यावी लागते. अर्ज आधी राज्याच्या वारसा कार्यालयात जातो, राज्याचं तज्ज्ञ मंडळ तो वाचतं, मग तो वॉशिंग्टनला राष्ट्रीय उद्यान सेवेकडे जातो. तिथे या वहीची राखण करणारा जो अधिकारी असतो त्याचं पदनामच "कीपर" आहे. मला हे फार आवडतं. कोठीची किल्ली कमरेला लावलेली आजी आठवते.

लायकी मोजायची कशी? वास्तू साधारण ५० वर्षं जुनी हवी. आणि चारपैकी निदान एक गोष्ट हवी: मोठ्या घडामोडीशी संबंध, मोठ्या माणसाशी संबंध, बांधणीतलं वैशिष्ट्य, किंवा जमिनीखाली इतिहासाची नवी माहिती मिळण्याची शक्यता. "मोठं" म्हणजे देशासाठीच मोठं असं नाही. काउंटीपुरतं मोठं असलं तरी चालतं, आणि वहीतली बहुतेक नावं तशीच आहेत. म्हणूनच खेड्यातली शाळा, धान्याचं कोठार, ओढ्यावरचा पूल यांना तिथे जागा मिळते. देशपातळीवरच्या वास्तूंसाठी वेगळी, फार निवडक यादी आहे. त्यात अडीच हजारांहून थोड्या जास्त जागा आहेत, तर मूळ वहीत ९५ हजारांच्या वर नोंदी आहेत.

चौथ्या प्रकारातल्या, म्हणजे जमिनीखालच्या जागांचा पत्ता यादीत बऱ्याचदा छापतच नाहीत. जुन्या वस्त्या, दफनभूमी यांची जागा कळली की रात्री फावडी घेऊन लोक येतात. कायद्यानेच ती माहिती दडवून ठेवायची मुभा दिली आहे. यादीत नाव असतं, ठिकाणाच्या रकान्यात फक्त "पत्ता गुप्त".

विंटरसेटच्या लोकांना सर्वांत अभिमान आहे तो इथे १९०७ साली जन्मलेल्या अभिनेता जॉन वेनचा. त्याचं जन्मघर पाहायला लोक लांबून येतात. पण वहीचा नियम असा, की नुसतं जन्मस्थान सहसा पात्र धरत नाहीत. माणूस जिथे वाढला, जिथे त्याने काम केलं, ती जागा महत्त्वाची. जन्मायला काय, कुणीही कुठेही जन्मतो! तसंच प्रार्थनास्थळाचं. याच काउंटीतल्या आयरिश वस्तीच्या सेंट पॅट्रिक चर्चला १९७९च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे येऊन गेले, तेही इथल्याच एका शेतकऱ्याने हाताने लिहिलेल्या आमंत्रणावरून. केवढी मोठी गोष्ट. पण चर्च म्हणून पवित्र असणं वहीला पुरत नाही. वास्तुकला किंवा तिथल्या वस्तीचा इतिहास असं काहीतरी ऐहिक कारण दाखवावं लागतं.

हलवलेल्या इमारतीही सहसा चालत नाहीत. आणि इथेच मॅडिसन काउंटी मजेशीर आहे. १८७० साली बांधलेला आइम्स पूल आधी मिडल नदीवर होता, १८८७ साली उचलून दुसऱ्या ओढ्यावर नेला आणि १९७७ साली सेंट चार्ल्स गावात आणून ठेवला. कटलर-डोनाहो पूल १९७० साली विंटरसेटच्या बागेत आणला. तरी दोघंही वहीत आहेत. कारण हलवलेल्या वास्तूला एक पळवाट आहे: तिचं मोल मुख्यतः बांधणीत असेल तर जागा बदललेली चालते. लाकडी पुलाचं मोल त्याच्या सांध्यांत आहे. आणि उचलून नेणं हा त्या काळी पुलांच्या आयुष्याचा भागच होता. एखाद्या रस्त्याची रहदारी आटली की काउंटी पूल सोडवून दुसरीकडे नेत असे. चांगलं लाकूड कोण टाकून देतं?

आता सांध्यांकडे जरा जवळून पाहू. रोझमन पुलात शिरलं की बाहेरचा लाल रंग संपतो आणि आत सगळं राखाडी, उघडं लाकूड लागतं. दोन्ही बाजूंना फळ्यांची तिरपी जाळी, एकमेकींना छेदत गेलेली, आपल्या जुन्या वाड्यांच्या ओसरीला असायची तशी, फक्त माणसाच्या दुप्पट उंच. जिथे दोन फळ्या छेदतात तिथे आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. ही जाळीची रीत इथिएल टाउन नावाच्या माणसाने १८२० साली पेटंट करून घेतली होती. मोठे तासलेले तुळयांचे ओंडके नकोत, अट्टल सुताराची गरज नाही, साध्या फळ्या आणि खुंट्या, बस्स. नव्याने वसणाऱ्या प्रदेशाला अशीच रीत परवडते. इथले बरेच पूल बेंटन जोन्स या एकाच कारागिराने बांधले. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे सपाट छप्पर. सीडर, रोझमन, हॉगबॅक आणि १२२ फूट लांबीचा हॉलिवेल, या चारही पुलांचं छप्पर सपाट. आइम्स आणि कटलर-डोनाहो दुपाखी.

त्या राखाडी लाकडावर नावं कोरलेली आहेत. शेकडो. बाण घुसलेली हृदयंसुद्धा. याच काउंटीतला मॅकब्राइड पूल १९८३ साली एका प्रेमभंग झालेल्या माणसाने जाळला. त्याची आणि तिची अक्षरं त्या पुलावर कोरलेली होती, ती त्याला पुसायची होती. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रंधा मारायचा होता मेल्याने."

मूळपण

हे सगळं असूनही नव्या सीडर पुलाचं नाव का नाही? कारण वहीची खरी कसोटी वयाच्या पुढची आहे. तिला ते इंटेग्रिटी म्हणतात. मी तिला "मूळपण" म्हणते. सात गोष्टी पाहतात: जागा, आराखडा, आजूबाजूचा परिसर, साहित्य, कारागिरी, तिथे उभं राहिल्यावर येणारा भाव, आणि ज्या इतिहासासाठी नोंद करायची त्याच्याशी असलेला थेट धागा. सातही शंभर टक्के हव्यात असं नाही. पण सीडर पुलात साहित्य गेलं आणि १८८३ची कारागिरीही गेली. राहिला आराखडा आणि ओढा. खरं तर ओढ्यावरची ही जागाही मूळची नाही. पूल १९२१ साली दुसरीकडून तिथे आणलेला होता.

पुनर्बांधणीला नियम जवळजवळ दारच बंद करतो. हुबेहूब नक्कल असावी, योग्य परिसरात आणि मोठ्या जीर्णोद्धाराच्या आराखड्याचा भाग म्हणून उभी केलेली असावी, आणि तशी दुसरी अस्सल वास्तू उरलेली नसावी. जोन्सचे तीन अस्सल पूल याच काउंटीत उभे आहेत. मग नकलेला कोण आत घेणार?

मावशीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, आपल्याकडे देऊळ पडलं तर जीर्णोद्धार करतात, देव तोच राहतो. मला दोन्ही बाजू कळतात. देवळाचं मोल देवात आहे, भिंत बदलली तरी पूजा चालू राहते. वहीला मात्र भिंतच पुरावा म्हणून हवी असते, आणि पुराव्याची नक्कल म्हणजे पुरावा नव्हे. गावाने मात्र वहीकडे न बघता दोनदा पूल बांधला, आणि माझ्या मते तेही बरोबरच केलं.

राखतं कोण, पैसे कुठून

खरी सक्ती करायचा अधिकार गावाकडे किंवा काउंटीकडे असतो. त्यांनी स्वतःचा वारसा नियम केला तर पाडकामाला परवानगी लागते. मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीने इमारतींना श्रेणी लावून दिल्या आणि पालिकेची परवानगी सक्तीची केली, तसंच काहीसं. पण अमेरिकेच्या खेड्यांत असे नियम कमीच. माझ्या जमिनीवर काय करायचं ते मला सांगू नका, हा तिथला पहिला मंत्र. मॅडिसनचे पूल टिकले ते काउंटी स्वतःच त्यांची मालक आहे आणि लोकांना त्यांचा लळा आहे म्हणून. दर ऑक्टोबरात तिथे पुलांची जत्रा भरते.

खासगी मालकासाठी काठीऐवजी गाजर आहे, ते म्हणजे करसवलत. विंटरसेटच्या न्यायालयाभोवती दुकानांचा जुना चौक आहे. तो अख्खा चौक एक ऐतिहासिक भाग म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यात कुठली इमारत इतिहासात भर घालते आणि कुठली घालत नाही याची वेगळी यादी असते. भर घालणाऱ्या यादीतल्या दुकानाच्या मालकाने ठरलेल्या निकषांनुसार दुरुस्ती केली, तर खर्चाच्या २० टक्के रक्कम त्याच्या केंद्रीय करातून वजा होते, पाच वर्षांत वाटून. अट अशी, की खर्च निदान ५ हजार डॉलर हवा, आणि जमीन व घसारा वगळून इमारतीची हिशेबातली जी किंमत उरते तिच्याहून जास्त हवा. म्हणजे ती किंमत ८० हजार असेल आणि दुरुस्तीला १ लाख लागले, तर २० हजार डॉलर वाचतात. आयोवा राज्याची आणखी २५ टक्क्यांपर्यंतची सवलत वेगळी.

इमारत कमाईची हवी, राहतं घर केंद्राच्या सवलतीत बसत नाही. पण शेतीत वापरात असलेला बार्न, म्हणजे गुरं, कडबा आणि अवजारं एका छपराखाली ठेवायची ती उंच लाकडी इमारत, बसू शकते, कारण शेती हा धंदा आहे. हे अनेक शेतकऱ्यांच्या गावीही नसतं. बार्न कलतो, एका वादळात बसतो आणि मग उरलेल्या फळ्या शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींना लावायला विकल्या जातात.

काउंटीच्या पुलाला करसवलतीचा उपयोग शून्य, कारण काउंटी कर भरतच नाही. तिला अनुदान लागतं. केंद्राच्या वारसा निधीचा पैसा १९७६पासून समुद्रातल्या तेल-वायूच्या भाडेपट्ट्यांतून येतो. एक संपणारी ठेव उपसताना दुसरी राखायला थोडं बाजूला काढावं, अशी त्यामागची कल्पना. मक्याच्या शेतातल्या पुलाचा आणि मेक्सिकोच्या आखातातल्या विहिरींचा संबंध असा.

अर्जाचं काम मात्र किचकट असतं. मॅडिसनमध्ये १८५०च्या पुढची बरीच चुनखडीची घरं आहेत, इथल्याच खाणींतला पिवळसर दगड. प्रत्येकाचा वेगळा इतिहास लिहीत बसायचं तर जन्म जाईल. म्हणून १९८७ साली ती एका सामाईक अभ्यासाखाली नोंदवली: दगड कुठला, गवंडी कोण, लोक कुठून आले हे एकदाच, आणि मग घरागणिक छोटा अर्ज. यजमान एक आणि पंक्तीला पंधरा, असं.

परतताना मावशी शेवटी मूळ मुद्द्यावर आली. "म्हणजे त्या नव्या पुलाला काहीच आशा नाही?"

"आहे. पुन्हा बांधलेली वास्तूही पन्नास वर्षं टिकली आणि तिचा स्वतःचा इतिहास झाला तर तिचा विचार होऊ शकतो. म्हणजे २०६९."

मावशीने बोटांवर हिशेब केला, तो सोडून दिला आणि खिडकीची काच वर घेतली. "तोवर परत कुणी काडी लावली नाही म्हणजे मिळवलं."